हवाई अंतर

रोजकुंडपाडा ते आंबाफळी :
हवाई अंतर दोन पूर्णांक नऊ किलोमीटर.
नंदुरबारला, पंख्याखाली, कोणीतरी माऊसनं रेघ ओढली
आणि पाच किलोमीटरच्या आत उपकेंद्र आहे म्हणून
आमचा प्रस्ताव परत पाठवला.
निकषात बसत नाही.

मी तो निकष घडी करून खिशात घातला
नि धडगावहून निघालो.
जीपवाला सुकलाल, शिंदखेड्याकडचा,
रोजकुंडच्या टेकाडावर गाडी थांबवून
बोट दाखवत म्हणाला,
"हाई काय, समोर तर शे!"

समोर होतंच.
उपकेंद्राचं पत्र्याचं छप्पर उन्हात लकाकत होतं,
दोरीवर वाळणारी पांढरी साडीसुद्धा दिसत होती.
सातपुड्यात 'समोर' या शब्दावर
सगळ्यांत कमी विश्वास ठेवावा.

रस्त्यानं सत्तेचाळीस.
त्यातले अकरा फक्त कागदावर डांबरी.
पायी गेलं तर उतरायला दीड तास,
खाली नाला,
आणि पुढचा चढ ज्याच्या त्याच्या गुडघ्यांवर.
श्रावणात नाला कोणाला बुडवत नाही,
नुसता थांबवतो.
चार दिवस. एकदा नऊ.

वेस्त्या पावऱ्यानं माझा कागद उलटा धरला,
मग सुलटा, मग परत दिला.
"मोजायला कोणतं पाखरू पाठवलं होतं?
कावळा असेल तर तो मोहावर थांबला असणार.
घार तीन गिरक्या घेतल्याशिवाय कुठं जात नाही.
पोपट मात्र खरा सांगेल,
आमचा मका खातो
आणि झोपायला आंबाफळीला जातो."

तेवढ्यात वरून विमान गेलं.
वेस्त्याचा नातू गुलसिंग, आश्रमशाळेत चौथीला,
मान वर करून मोजायला लागला.
इकडच्या सागाच्या शेंड्यापासून
तिकडच्या पत्र्याच्या छपरापर्यंत
तेरा आकडे.
चौदा म्हणायच्या आत
सगळा हिशोब आभाळात पुसला गेला.
आत कोणी चहा पीत असेल,
कोणाला खिडकीतून नुसतं हिरवं दिसलं असेल,
हिरव्यामधली फट दिसली नसेल.

मग त्यांनी मला रायकीची गोष्ट सांगितली,
जरा अनिच्छेनंच,
सरकारी माणसाला सांगून काय होतं ते माहीत असल्यासारखी.

आखाडातली रात्र होती.
वेस्त्यानं टेकाडावरून बॅटरी हलवली :
तीन वेळा आडवी, म्हणजे बाळंतीण.
आंबाफळीहून लगेच तीन वेळा आडवी आली,
म्हणजे कळलं, निघाले.
उजेडाला हवाई अंतर चालतं.
बाकीच्यांना नाही.

बांबूला गोधडी बांधली, चार खांदे,
पाचवा पुढं कंदील घेऊन.
तिकडून वळवी सिस्टर उतरायला लागल्या,
चपला हातात, पिशवी डोक्यावर.
दोन दिवे
एकाच दरीत दोन बाजूंनी खाली येत होते,
वरून बघणाऱ्या बायांना वाटत होतं
आता भेटले, आता भेटले,
आणि प्रत्येक वळणावर ते थोडे लांब जायचे.

भेटले नाल्यावर.
मध्ये पाणी, वीसेक हात रुंद,
वळवी सिस्टर पलीकडून ओरडत होत्या
आणि अलीकडे ठुमलीबाई
तसं तसं करत होती.
एका सपाट दगडावर, पावसात.

मुलगी आहे. दीड वर्षाची झाली.
माझ्या खिशातला पेन मागत होती.

तिचा दाखला मात्र अजून अडलाय.
ग्रामसेवक विचारतो, जन्मठिकाण काय लिहू?
दगड रोजकुंडमध्ये येत नाही,
आंबाफळीतही येत नाही,
हद्द म्हणे पाण्याच्या मधून जाते
आणि पाणी दर वर्षी सरकतं.

परत येताना जीपमध्ये
मी नवीन प्रस्ताव लिहायला घेतला.
खड्ड्यांनी अक्षरं उडत होती.
अंतराच्या रकान्यात पुन्हा दोन पूर्णांक नऊ लिहिलं,
ते खोटं नाहीच.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
यातल्या बरोबर मध्यावर एक मूल जन्मलं आहे,
पण
चारशे मीटर खाली.